पेन हाय नं बापा!

मु. मेडशी
मंगळवार, दुपारून जेवनं झाल्यावर

आदरनीय इहीनबाई कमलीबाई यायच्या सेवेशी, मेडशीहून दुर्गाबाईचा वाकून सप्रेम जयभीम. (कंबर धरली हाय, तवा उलीसं कमी वाकली असं समजून घ्या. कंबर काहून धरली ते पुढं येईनच.) तुमचा गुडघा कसा हाय? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हनलं होतं, बांधलं का? जावयबापू अमरदीप बरे असतील, पल्लवी बरी असंल, आन आमची नात, जिचं नाव तुमी रविवारी ठेवलं न मले अजून कोनी सांगतलं नाई, ते तं साऱ्यायहून बरी असंल. तुमची म्हैस याली का? याली असंल तं खरवस मले ठेवू नका, मले पचत नाई. पन ठेवलाच तं फेकूही नका. इकडं सारे खुशाल. तूर शेंगांवर आली हाय. प्रसेनजितचा राग सोडला तं घरात कोनालेच काही बिमारी नाई.

चिठ्ठी लिवाचं कारन असं का, फोनवर तुमी ऐकत नाई. रविवारी सांच्यापारी तीनदा लावला, तुमी तीनदा कापला. चौथ्या डावाले उचलला न इतकं बोलल्या का मले जयभीम म्हनाले सुद्धा जागा भेटली नाई. चिठ्ठीचं बरं असते. तिले मधात तोडता येत नाई. फाडता येते, पन फाडाच्या आधी मानूस वाचतेच. माही शाळा तिसरीपरयंत, त्यातही सहा महिने बकऱ्या राखल्या, तवा अक्षराले नावं ठेवू नका. पेन्सिलीनं लिवून राह्यली कारन माहा पेन माह्यापाशी नाई. तो कुठी गेला त्याचीच ही सारी कथा हाय.

पल्लवी सांगत होती का तुमी तिले म्हनल्या, "तुह्या मायले नातीपरीस घरच्या कोंबड्या प्यारी, पाळन्याले तिचे पाय नाई निंघाले." आन अशीही ताकीद देल्ली म्हने का बुढीले नाव सांगाचं नाई, जे पाळन्याजवळ आले त्यायनं ऐकलं, जे नाई आले ते राह्यले. मी पल्लवीले फोनवर लय गोंजारलं. पोरगी रडली पन नाव सांगतलं नाई. पोरगी तुमची झाली आता पुरी. मले आनंदच वाटला, पन आनंदापरीस वाईट जास्त वाटलं. इहीनबाई, मी आली होती. रविवारी, ठरल्या टायमाले, घडीचं लुगडं नेसून, गोधडी घेऊन, आसेगावले आली होती. पाळना पाह्यला, पंगतीत जेवली, लेकरू मांडीवर घेतलं. फक्त ते आसेगाव तुमचं नव्हतं.

आता पयल्यापासून सांगते, मधात उठू नका.

प्रसेनजितले रविवारी शाळेत परीक्षेची ड्यूटी लागली. तो म्हने, आई, दुपारून नेतो तुले फटफटीवर. मी म्हनलं, दुपारून जाऊन काय रिकामा पाळना हालवू? मी जाते बसनं. तसंही मले फटफटी आवडत नाई. त्याच्या मांगं बसून मले अकरा वर्सं झाले, अकरा वर्सात रस्त्यानं मले एकच मानूस भेटला, प्रसेनजित, आन तोही पाठमोरा. तुमच्या आसेगावले मी दोनदा आली, पन दोन्ही डाव फटफटीनं, तवा मी आसेगाव पाह्यलंच नाई, मी त्याच्या शर्टाची शिवन पाह्यली. (खांद्याजवळ उसवली होती, मंग घरी येऊन मीच घातली.) गावाची वळख पटाले मानूस बसमधून खिडकीतून पाहत, इचारत-इचारत गेला पायजे, मंग कुठी उतराचं ते इसरत नाई. हे मी आज लिवून राह्यली, रविवारी सकाऊन एवढी अक्कल नव्हती.

गोधडीचंही सांगते, कारन पुढं लागते. तीन महिने शिवत होती. त्यात पल्लवीची शाळेतली निळी फ्राक होती, माह्या लग्नातल्या लुगड्याचा काठ होता, आन मधोमध पांढरा चौकोन होता. तो माह्या मायच्या लुगड्याचा. छप्पन साली ते पांढरं लुगडं नेसून माय दीक्षेले नागपूरले गेल्ती, अनसिंगहून वाशिमपरयंत पायी. मी तिच्या पोटात होती. माय सांगे, घरून आमी दोघी निंघालो, तू न मी, आन वाशिमले पोचलो तवा शंभरावर मानसं झाली होती, कोनी कोनाले बोलावलं नव्हतं, वाटेनं जुळत गेले. (म्हनून मले माहं खरं वय मालूम हाय. सरकारले नाई. आधारकार्डावर मी सत्तेचाळीस सालची, एक जानेवारीची. आमच्या गल्लीतले सारेच बुढे एक जानेवारीचे हाय, त्या दिवशी आमच्या मायांयनं दुसरं कामच केलं नसंल. पन त्यापायी मी पंच्याहत्तरीच्या वर गेली न बस फुकट झाली, तवा मी सरकारले सुधारत नाई.)

तं सकाऊन मेडशीहून वाशिम, तिथवरी सारं ठीक. वाशिमच्या स्टँडवर मी एका बाईले इचारलं, आसेगावची कोनती? तिनं बोट दाखवलं. बसच्या कपाळावर आसेगाव लिवलं होतं, मी सोता वाचलं. पुढं उलीसं आनखी काही लिवलं होतं, पन त्यावर उदबत्तीचा धूर बसला होता न मले जेवढं पायजे तेवढं भेटलं होतं. बसली. कंडक्टर आला, भला मानूस, कानावर पेन, पन तो पेन झटकून राह्यला, चालून नाई राह्यला. मी म्हनलं, आसेगाव. तो म्हने, "पेन?" आता सांगा, इहीनबाई, कंडक्टर हातात बंद पेन घेऊन तुमाले 'पेन?' म्हनला तं तुमी काय समजान? मी अंगठा लावत नाई, सही करते, म्हनून पेन सदा माह्या पिशवीत राहते. मी म्हनलं, "हाय नं बापा!" आन काढून देल्ला. त्यानं घेतला, खूश झाला, मशीनीतून तिकीट काढून देल्लं. तिकिटावर 'पेन' लिवलेलं होतं. मले वाटलं, पेनची पावती देल्ली. सरकारी मानूस, पाहा किती चोख! मी तिकीट पदराच्या गाठीत बांधलं, का उतरतांनी पावती दाखवून पेन परत घेऊ.

बसमधी मंग मजा आली. फटफटीवर अकरा वर्सात जे नाई झालं ते अर्ध्या तासात झालं. एका बाईची कोंबडी माह्या पायाशी, एका बुढ्याचा फवारनीचा पंप माह्या मांडीशी, पुढच्या बाकावरचा मानूस लग्नाच्या पत्रिका वाटाले चालला होता, त्यानं वळखदेख नसतांनी मले एक देल्ली, या म्हने सारे. (तारीख पुढच्या महिन्यातली हाय, तुमी येता का?) तिकीट ज्याचं त्याचं राहते, चौकशी साऱ्यायची. मेडशीची का? कोनाची? पोरगं काय करते? पोरगी कुठी देल्ली? आसेगावले म्हनलं तं शेजारची पोरगी एकदम माह्याकडे वळली. नाव रंजीता. म्हने, मी पन आसेगावचीच, मायच्या घरी चालली, पाळना हाय आज. मी म्हनलं, अवं माय, मी पन पाळन्यालेच! ती म्हने, मंग तं तुमी आमच्याच झाल्या, चला संगं.

आता मी तिले इचाराले पायजे होतं, का कोनाचा पाळना. पन इहीनबाई, इथं उलीशी चूक तुमचीही हाय. लग्नात मी तुमच्या नणंदेले आचारीन समजून भाजीत मीठ वाढवाले सांगतलं होतं, ते तुमी दहा वर्सं झाले अजून काढता, का मेडशीवाल्यायले सोयरे वळखू येत नाई. तवापासून मी ठरवलं हाय का तुमच्याकडच्या कोनालेच तू कोन म्हनून इचाराचं नाई. वळखल्यावानी हसाचं. रंजीताकडे पाहून मी वळखल्यावानी हसली. ती पन हसली. दोघी बी हसत-हसत चुकीच्या गावी गेलो.

उतरल्यावर गाव सोडून तांड्याकडे पायी निंघालो. रस्ता मले नवा वाटला, पन म्हनलं, शर्टाची शिवन नाई समोर, म्हनून वाटत असंल. वाटेनं बाया जुळत गेल्या, कोनाच्या डोक्यावर परात, कोनाच्या कडेवर लेकरू. रंजीता माह्याशी साजरं मराठी बोले, पन बाकीच्या बाया बोलल्या का मले एक अक्षर समजे नाई. मले वाटलं, बसच्या आवाजानं कान बसले. मी कानात करंगळी फिरवली, जांभया देल्ल्या, नाक धरून फुकलं. रंजीता बोलली का कान उघडे, बाकीच्या बोलल्या का बंद होये. असे चालू-बंद कान मी जलमात पयल्यांदा पाह्यले. (त्या आपसात गोरमाटी बोलत होत्या. बंजारा लोकायची बोली. मले मांगून समजलं.)

मांडवात गेल्याबरोबर एक बुढी उठून आली, कोपराच्या वर परयंत पांढऱ्या बांगड्या, अंगात काचा लावलेली चोळी, आन मले गच्च मिठी मारून म्हने, "याडी!" मले ऐकू आलं येडी. म्हनलं, घ्या, इहीनबाईनं माह्याबद्दल पाहुन्यायले पयलेच सांगून ठेवलं दिसते. पन ती तं माह्या गालावरून हात फिरवून राह्यली, पानी देऊन राह्यली, खुर्ची पुसून राह्यली. (याडी म्हनजे त्यायच्यात माय. हेही मांगून समजलं. रविवारी मले सारंच मांगून समजलं.) खरं तं तिथंच समजाले पायजे होतं. तुमच्या दारात इतक्या प्रेमानं मले कोनी या म्हनलं नाई कधी. हे मी तक्रार म्हनून नाई लिवत, फक्त वळखाची खून म्हनून सांगून राह्यली.

तुमी दिसल्या नाई, मले वाटलं नेहमीवानी रुसल्या असान. मी इचारलं, बाळाची माय कुठी? सांगतलं, आत निजली हाय, रातभर लेकरानं जागवलं. म्हनलं, निजू दे पल्लवीले. पंगत बसली, लापशी होती, दोनदा घेतली. (तुमी माह्यापायी ताट झाकून ठेवलं होतं, हे पल्लवीनं सांगतलं. ते ऐकून ती लापशी मले आता उलटी टोचून राह्यली.) मंग त्या बुढीनं, नानीबाई तिचं नाव, लेकरू आनून माह्या मांडीवर देल्लं. काय सांगू! मी नाक पाह्यलं, म्हनलं, नाक निरा आमच्याकडचं. साऱ्या बाया हसल्या, मीही हसली. मी पिशवीतून गोधडी काढली, लेकराले गुंडाळलं, कानाशी म्हनलं, हे तुह्या पणजीचं लुगडं हाय, ते पायी नागपूरच्या वाटेले लागलं होतं. आन तेवढ्यात नात मुतली.

मुतली ते ठीक. लेकराचं मुतनं कोनाले जड नाई. पन धार वर आली. इहीनबाई, मी चार लेकरं वाढवली, वर आलेली धार म्हनजे काय ते मले समजते. मी गोधडी उघडून पाह्यली न वरडली, "माय वं, हे तं पोट्टं हाय!"

साऱ्या बाया वळून पाहाले लागल्या. नानीबाई म्हने, "पोट्टंच हाय. तुमाले काय पायजे होतं?"

"आमची तं पोट्टी होती!"

"तुमची कोनती?"

"पल्लवीची!"

"कोन पल्लवी?"

आतून लेकराची माय धावत आली, रेणू नावाची, मी तिच्याकडे पाह्यलं, तिनं माह्याकडे. पल्लवी नव्हती. रंजीता म्हने, आजी, तुमचं तिकीट दाखवा. मी पदराची गाठ सोडली. तिनं मोठ्यानं वाचलं, "आसेगाव पेन." मी म्हनलं, तो पेन मी कंडक्टरले देल्ला, त्याची पावती हाय ते. मंग जे हसनं सुरू झालं, इहीनबाई, बाया मांडवाच्या खांबाले धरून हसत होत्या. मले मातर रडू येऊन राह्यलं, कारन तवा समजलं का तुमचं आसेगाव वेगळं, मंगरूळपीरकडचं, हे रिसोडकडचं, त्याच्या मांगं पेन लावतात. काहून लावतात ते इचारलं, कोनाले मालूम नाई. गाव त्यायचं, पेन त्यायचा, आन मालूम नाई!

तुमाले फोन लावाचा म्हनलं तं फोन घरी चार्जिंगले, आन नंबर मले फक्त आमच्या गिरनीवाल्याचा पाठ हाय. त्याले लावला. तो दळनात होता.

आता गोधडीचं. नानीबाई म्हने, लगेच धुऊन, वाळवून देतो, तुमच्या नातीची हाय. आन माह्या तोंडातून निंघून गेलं, "ना वं, आमच्या मायची रीत हाय, गोधडीवर पयली धार ज्याची, गोधडी त्याची." बोलून मोकळी झाली न मंग ध्यानात आलं. पांढरा चौकोन! पन रीत ते रीत. मायच्याच लुगड्यासाठी मायचीच रीत मोडू का? नानीबाईनं गोधडी हातात घेतली. बंजारा बायायचा हात सुईत पक्का राहते, त्यायनं टाका डोळ्यानं नाई पाह्यला, बोटानं चाचपला. म्हने, हा टाका पायी चालल्यावानी हाय, एक पाऊल लहान, एक मोठं. मंग पांढऱ्या चौकोनाजवळ बोट थांबलं. मी सांगतलं ते कोनाचं. त्या तिथंच हात ठेवून बसल्या. लेकराचं नाव किशन ठेवाचं ठरलं होतं, पन माह्यावर असा बरसला म्हनून साऱ्या तांड्यानं बादल करून टाकलं. म्हनजे पाहा, मी एका लेकराचं नाव ठेवून आली, आन सोत्याच्या नातीचं मले मालूम नाई.

निंघाची वेळ झाली तं बस तांड्याकडे येत नाई, फाट्यावर भेटते. नानीबाईचे थोरले दीर भाऊसिंग म्हनाले, चला, मी नेतो सायकलीनं. सत्तरी पार मानूस, पयले डाकेत होते, चाळीस वर्सं सायकलीवर चिठ्ठ्या वाटल्या. मी म्हनलं, मी जलमात सायकलीवर बसली नाई. ते म्हने, बसाचं काही नसते, पडाचं नसते फक्त. क्यारिअरवर पोतं घडी करून ठेवलं, मी दोन्ही पाय एकीकडे करून बसली, आन आमी दोघं मिळून दीडशे वर्साचं वजन निंघालं. (दीडशे आधारकार्डावरचं.) लाज वाटली पयले. पन भाऊसिंग प्रत्येक मानसाजवळ घंटी वाजवे न ब्रेक मारे. जो तो इचारे, भाऊसिंगबापू, हे कोन? ते म्हने, बादलची गोधडीवाली आजी. फाटा येईलोक साऱ्या रस्त्याले माहं नाव मालूम झालं. एका वावरातून हरभऱ्याचे ढाळे भेटले, एका घरून पानी. एका ठिकानी खड्डा भेटला, तीच ही कंबर. वाटेनं भाऊसिंगनं सांगतलं का दोन आसेगावच्या चिठ्ठ्यायचा त्यायले जलमभर ताप होता. लिवनारे फक्त आसेगाव लिवत न मोकळे होत. मंग ते चिठ्ठी उघडत नसत, वास घेत म्हने. चुलीचा धूर आला का आपली, डिझेलचा आला का तिकडची. मले पटलं नाई, पन तिसऱ्याच मानसाच्या सायकलीवर बसून त्याले खोटं कसं म्हनाचं?

फाट्यावर बस आली न दारात तोच कंडक्टर! मले पाहून म्हने, "आजी, पाळना झाला का?" मी म्हनलं, "झाला बापा, दुसऱ्याचा." सारं सांगतलं. तो कपाळावर हात मारून म्हने, मी पेनचं आसेगाव का म्हनून इचारलं न तुमी पेन काढून देल्ला, मले वाटलं बुढी भल्ली हुशार, पेन चालत नाई ते न सांगता समजलं. त्यानं पेन परत देल्ला. मी घेतला नाई. म्हनलं, ठेव तुह्यापाशी, पुढची बुढी आली का आधी कागदावर लिवून इचार, पेन का बिनपेन. मंग ड्रायव्हरनं ऐकलं, मंग बसनं ऐकलं. वाशिमले उतरल्यावर चार बाया न तो पत्रिकावाला (तो पन वापस चालला होता) मले मेडशीच्या बसपरयंत पोचवाले आले, त्या बसच्या कंडक्टरले बजावून सांगतलं, हे आजी मेडशीलेच उतरली पायजे. दिवे लागाच्या आत मी घरी.

घरी प्रसेनजित! तुमचा फोन आल्यापासून तीन स्टँडं फिरून आला होता. हेल्मेट खाली ठेवलं न एवढंच म्हने, "आई, आजपासून तुहं बसनं फिरनं बंद." मी त्याले म्हनलं, एका दिवसात मले एक तांडा, एक बस, एक सायकल न एक बादल भेटला, आन तू म्हनतं बंद. तो म्हने, "नात भेटली का?" इहीनबाई, म्हनून ही चिठ्ठी. माफी करा म्हनून लिवून राह्यली, दुसरं मांगनं काही नाई. लहानग्यायले आशीर्वाद, थोरायले जयभीम, म्हशीले पाठीवरून हात.

तुमची चुकलेली इहीन,
दुर्गाबाई

ता. क. मांगनं काही नाई म्हनलं, पन एक हाय. तुमचं एखादं जुनं लुगडं द्या. नवी गोधडी सुरू केली हाय. पयलीत निरा आमच्याच घरचे तुकडे होते, तुमच्याकडचा एकही नव्हता, ते मले आता शिवतांनी दिसून राह्यलं. मधोमध तुमचं लावीन. ते जांभळं द्या, जे नेसून तुमी लग्नात माह्यावर पयल्यांदा रागावल्या होत्या.

आनखी ता. क. लुगडं न्याले मी गुरुवारी येते. बसनं. प्रसेनजितले सांगू नका, तो तिसऱ्या तासाले वर्गात राहते. तुमी नातीले घेऊन स्टँडवर उभ्या राहा, म्हनजे मी चुकनार नाई. नाव चिठ्ठीत लिवू नका, फोनवरही सांगू नका. पाळन्याजवळ आल्यावर कानातच सांगाचं असते ते, तुमचं बरोबर हाय. तवापरयंत मी तिले पेन म्हनते. पेन, पेन म्हनून रातच्याले एकटीच हसते. पेनवरच नात अडली ना, मंग!

शेवटचं ता. क. पत्ता लिवतांनी प्रसेनजित म्हने (रविवारपासून हा एवढा एकच बोल बोलला, चार शब्दाचा), "खुलासा करून लिव, आई." म्हनून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिवलं हाय, 'आसेगाव. पेन नाही.' पन आता मले भेव वाटून राह्यलं, का डाकवाला घाईत 'पेन' वाचंल न 'नाही' इसरंल. तवा नानीबाई, ही चिठ्ठी तुमच्याकडे आली असंल तं रंजीताकडून वाचून घ्या. इहीनबाईबद्दल जे लिवलं ते पोटात ठेवा. गोधडी वापस करू नका, रीत हाय. आन गुरुवारी बादलले घेऊन तुमीही या तिकडच्या आसेगावले, तुमच्या काचाच्या चोळीचा एक तुकडा संगं आना, गोधडीत लावू, आन दोघी मिळून नातीचं नाव ऐकू. वाशिमच्या स्टँडवरून बस हाय. फक्त कंडक्टरनं पेन इचारलं तं नाई म्हना.